दाणे गेले, बनाक्काही निघाली

बनाबाई चौगले एकोणीस वर्षं तालमीच्या पोरांना तिखट दाणे भाजून देत होती, आणि त्या एकोणीस वर्षांत तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही येता का. विसाव्या वर्षी तिने स्वतःच सांगून टाकलं.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. आता तिथे कुस्ती कमी आणि मीटिंगा जास्त होतात. दर पावसाळ्यात तालमीचे तीस-चाळीस जण पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. दोन दिवसांची वाट, मधे एका वाडीतल्या शाळेत मुक्काम. जून संपत आला होता. तालमीचा सेक्रेटरी सयाजी ओट्यावर वही घेऊन बसला होता आणि कोण कोण येणार ते टिपत होता. मंडईतून परत येणारी बनाक्का त्याच्यासमोर थांबली.

"सयाजी, माझं बी लिव्ह."

"लिवतो की. किती किलो करताय यंदा?"

"किलो न्हाय. मी येणार हाय. चालत."

ओट्यावरचे सगळे हसले. कुणी वाईट हसलं नाही, पण सगळे हसले.

"आक्का," सयाजी म्हणाला, "तुमचं दाणं येत्यातच की दरसाल. दाणं आलं म्हंजे तुम्हीच आला."

"दाणं म्हंजे दाणं, मी म्हंजे मी," बनाक्का म्हणाली. "लिव्ह."

सयाजीने पेन वहीवर टेकवलं, पण लिहिलं काही नाही. बनाक्काने ते पाहिलं आणि ती घरी गेली.

बनाक्काला एकसष्ट पुरी झाली आहेत. अंगाने काटकुळी, रंगाने काळी, आवाजाने हलकी. एक गोष्ट ती दोनदा सांगत नाही. पहिल्यांदा ऐकलं नाही, तर तुमचं नुकसान. माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातल्या दहा-बारा घरांच्या वाडीचं. तिथे शाळेला जायचं म्हणजे एक डोंगर उतरायचा आणि दुसरा चढायचा. लावणीच्या दिवसांत डोक्यावर भाताच्या तरव्याचे, म्हणजे रोपांचे, भारे, पायाखाली चिखल, आणि बांधावरून धावायचं. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि तिचं चालणं घर ते मंडई, मंडई ते घर एवढ्यावर आलं. नवरा, गणपतराव, के.एम.टी.च्या बसवर ड्रायव्हर. त्यांनी सारं शहर हजारदा पालथं घातलं. बनाक्का कुठे निघायची म्हटली, की घरात कुणाला तरी ताप आलेला असायचा.

दाण्यांची सुरुवात तिच्या मुलापासून झाली. उदयसिंह बारावीत असताना पहिल्यांदा त्या वाटेवर गेला आणि बिस्किटांचे चार पुडे घेऊन गेला. मसाई पठारावर पोचेपर्यंत पुड्यात बिस्किट उरलं नव्हतं, लापशी झाली होती. पुढच्या वर्षी बनाक्काने त्याला डबाभर दाणे भाजून दिले. ते दोन दिवसांच्या पावसात कडक राहिले. मग त्याच्या मित्रांना हवे झाले, मग मित्रांच्या मित्रांना, आणि बघता बघता जुलै आला की बारा किलो दाणे भाजणं हे बनाक्काचं काम होऊन बसलं. परत आल्यावर पोरं म्हणायची, आक्का, चढावर दाण्यांनीच तारलं. तिला बरं वाटायचं. तेवढ्यावर तिने एकोणीस वर्षं काढली, हेच खरं तर नवल.

त्या रात्री जेवताना गणपतरावांनी विषय काढला. गल्लीतली बातमी त्यांच्यापर्यंत तिच्या आधी पोचली होती.

"काय ऐकतोय मी? तू चालत जाणार म्हणं."

"व्हय."

"अगं, माझ्यासारखा माणूस तीन वर्सं झाली टेम्पोत बसून जातोय. लोक काय म्हणतील, नवरा टेम्पोत आणि बायकू चालत?"

"मग तुम्ही बी चाला."

"माझी कंबर हाय."

"तुमची कंबर हाय, माझा गुडघा हाय. कंबरंला टेम्पो लागतोय. गुडघ्यानं अजून मागितला न्हाय."

सून प्रियदर्शनी खाली मान घालून भाकरी कुस्करत होती. ती हायस्कूलात गणित शिकवते आणि घरात कुठली बाजू घ्यायची ते नीट हिशेब केल्याशिवाय बोलत नाही. उदयसिंह मात्र वैतागला. चालणाऱ्यांची पुढची तुकडी त्याच्याकडे असते.

"आई, मला तिथं चाळीस जणांकडं बघायचं असतंय. त्यात तुझ्याकडं कोण बघणार?"

"एकोणीस वर्सं न्हाय बघितलंस," बनाक्का म्हणाली. "आणि दोन दिवस नको बघूस."

आणि तिने त्याच्या ताटात आमटी वाढली.

दोन दिवसांनी सयाजीने तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली. प्रियदर्शनीने ती सासूला आपल्या फोनवर दाखवली. चालणारे अडतीस. त्याखाली टेम्पोत जाणारे: भांडी, तंबूचं कापड, पाण्याचे कॅन, गणपतकाका, बनाक्का (दाणे).

"बघा आत्ती, तुमचं नाव घेतलंय," प्रियदर्शनी म्हणाली. तिला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

बनाक्काने फोन हातात धरून यादी दोनदा वाचली. भांड्यांच्या आणि कॅनच्या खाली ती होती, आणि तिच्याही मागे कंसात दाणे होते. तिने फोन परत दिला आणि विचारलं, "तुझं पळायचं बूट किती नंबरचं?"

"सहा. तुम्हाला मोठे होतील."

"दोन मोजं घालतो."

प्रियदर्शनी क्षणभर सासूकडे बघत राहिली. मग आत गेली आणि बूट, मोजे, वर गुडघ्याला बांधायची पट्टी, असं सगळं आणून ठेवलं. "चार दिवस घरात घालून फिरा, आत्ती. नाहीतर फोड येतील," ती म्हणाली. तिचा हिशेब झाला होता.

निघायच्या आदल्या शुक्रवारी बनाक्काने दाणे भाजले. एक किलो. सकाळी कढत पाण्यात मीठ विरघळवून त्यात दाणे दहा मिनिटं ठेवले आणि पंख्याखाली कापडाच्या धडप्यावर पसरून दुपारपर्यंत सुकवले. लोखंडी कढईत खडे मीठ तापवून त्यात मूठमूठ दाणे टाकून ती हलवत राहिली. आधी दाणे तडतडतात, मग गप्प होतात. गप्प झाले की लगेच चाळायचे, नाहीतर आतून करपतात. त्यात आजऱ्याच्या काजूचा मूठभर तुकडा. दोन चमचे तेलात सालासकट ठेचलेला लसूण तळून काढून टाकला, आणि त्या कोमट तेलात दाणे घोळवून वरून संकेश्वरी मिरचीचं कोरडं तिखट, जिरेपूड, चिमूटभर हिंग. मग परातीत पसरून ठेवले. हाताला पूर्ण गार लागेपर्यंत डब्यात भरायचे नाहीत, कारण गरम दाण्यांवर झाकण लावलं की डबा आतून घाम धरतो.

प्रियदर्शनी दारात उभी राहून बघत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिने ही कृती कधी विचारली नव्हती. विचारलं की काम आपल्याकडे येतं, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"एवढेच?" तिने विचारलं.

"मला पुरतील."

संध्याकाळी सयाजी दारात आला. "आक्का, दाणं कधी न्यायला येऊ?"

"कुठलं दाणं?"

"आपलं. बारा किलो."

"मी माझं भाजलंय. चालणाऱ्यानं ज्याचं त्यानं आणायचं, असं ग्रुपवर तुम्हीच लिवलंय की. डबा, बॅटरी, रेनकोट. तसं दाणं बी आणा."

सयाजी हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. "आक्का, तुम्ही चिडला व्हय?"

"चिडलो न्हाय. कसं भाजायचं ते सांगतो, बस."

तिने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मीठपाणी, पंखा, खडे मीठ, कोरडं तिखट. सयाजी मान डोलवत होता. तिखटाशी येऊन त्याची मान थांबली.

"चटणी न्हाय घालायची? घरची?"

"न्हाय. त्या चटणीत कांदा हाय, खोबरं हाय. पावसात तिला ओल धरती, दाणं सादळत्यात. नुसतं कोरडं तिखट."

"चटणीबिगर दाणं? कोल्हापुरात ऱ्हाऊन?"

"मी सांगितलं," बनाक्का म्हणाली आणि आत गेली.

कोल्हापुरातल्या माणसाला पुष्कळ गोष्टी पटवता येतील. पण उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची कांदा-लसणाची चटणी कुटून ठेवलेली असताना तिखटासाठी तिला हात लावायचा नाही, हे पटवता येत नाही. शनिवारी तालमीसमोर चूल मांडून सयाजी आणि चौघांनी बारा किलो दाणे भाजले आणि त्यावर ओंजळी ओंजळीने चटणी घातली. कमी पडली तेव्हा गणपतराव घरी आले आणि बनाक्काच्याच बरणीतली अर्धी चटणी भांड्यात काढून घेऊन गेले. तिने बघितलं, पण अडवलं नाही. सगळी गल्ली वासाने खोकत होती आणि वाहवा करत होती. दाणे खरंच झकास झाले होते. तिच्याकडे वाटीभर आले. तिने चार खाल्ले.

"कसं झाल्यात?" गणपतरावांनी ऐटीत विचारलं.

"चांगलं झाल्यात. आजच खावा," बनाक्का म्हणाली.

निघायच्या दिवशी तालमीचा ट्रक आणि टेम्पो साडेसहाला सुटणार होते. बनाक्का त्याआधीच प्रियदर्शनीला सांगून स्टँडवर गेली आणि पहिल्या एस.टी.ने पन्हाळ्याला पोचली. ट्रक आला तेव्हा ती टपरीवर बसून चहा पीत होती. साडी वर खोचलेली, पायात सुनेचे गुलाबी पट्ट्यांचे बूट, पाठीला उदयसिंहाची कॉलेजातली सॅक, आणि डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ, लावणीला बायका घेतात तशी.

उदयसिंहाने ट्रकमधून उडी मारली. "आई, हे काय?"

"चहा. घेतोस?"

सयाजी मागून आला. "आक्का, आमच्या जबाबदारीवर न्हाय हं. आधीच सांगतो."

"तुमच्या जबाबदारीवर मी कधी हुतो? मी तिकीट काढून आलोय. वाट काय तालमीची न्हाय."

टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसलेल्या गणपतरावांनी काच वर केली.

पहिला तासभर उदयसिंह तिच्या शेजारून चालला. दर दहा पावलांनी त्याची नजर तिच्या गुडघ्याकडे जायची. शेवटी बनाक्का थांबली.

"एक तर म्होरं चाल, न्हायतर मागं ऱ्हा. बाजूनं चालू नकोस. तू माझ्या पायाकडं बघतोस आणि मी तुझ्या तोंडाकडं. मग वाट कोण बघणार?"

तो पुढे गेला. ती सगळ्यांच्या मागे राहिली. पोरं धावत चढायची, मग बसायची, फोटो काढायची, पुन्हा धावायची. बनाक्का कुठे धावली नाही आणि कुठे बसलीही नाही. तिची एक चाल होती, घरात झाडू मारतानासुद्धा असते तशी, आणि ती चढावर आणि उतारावर तीच राहिली. मसाई पठारावर धुकं एवढं दाट होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. ओल्या गवतातून, जांभ्याच्या सपाट खडकावरून ती आवाजाच्या मागून चालत राहिली. मधे एकदा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर पडली. आसपास कुणी नव्हतं. ती तशीच थोडा वेळ बसली, गुडघा दाबून बघितला, आणि उठली.

पठार संपताना खडकाच्या आडोशाला सगळे टेकले होते. ती पोचली तेव्हा सयाजी दाण्यांच्या पिशवीत हात घालून काहीतरी उपटायचा प्रयत्न करत होता. हातात आला तो लाल, चिकट गोळा. दाणे एकमेकांना धरून बसले होते आणि चावल्यावर उकडलेल्या वाटाण्यासारखे लागत होते.

"सयाजीदा, लाडू वळलेत व्हय?" कुणीतरी विचारलं.

"गप खा."

बनाक्का जरा बाजूच्या दगडावर बसली आणि डबा उघडून दाणे खाऊ लागली. पावसातही त्यांचा कुडूम असा आवाज येत होता. सगळ्यांच्या माना हळूहळू तिकडे वळल्या, पण मागायला कुणाची जीभ रेटेना. एकाच्या पोटरीत गोळा आला होता, तो पाय धरून विव्हळत होता. तिने मूठभर दाणे आधी त्याला दिले, मग डबा सयाजीपुढे केला.

"घ्या. पण एक सांगतो. दाण्यासाठी बरं झालं आक्काला आणलं, असं उद्या गल्लीत बोलायचं न्हाय. तुम्ही मला आणलेलं न्हाय."

सयाजीने चार दाणे घेतले. चारच. "न्हाय बोलणार," तो म्हणाला. मग थोडं चावून झाल्यावर म्हणाला, "कोरडं तिखट व्हय?"

"मी सांगितलं हुतं."

खोतवाडीला वाट डांबरी रस्त्याला लागते. तिथे टेम्पो उभा होता. बनाक्का पोचली तेव्हा बाकीचे चहा पिऊन पुढे गेले होते. सयाजी, उदयसिंह आणि गणपतराव तेवढे थांबले होते. तिचा उजवा गुडघा सुजून डाव्याच्या दीडपट झाला होता आणि ते साडीतूनही कळत होतं. मुक्कामाची शाळा अजून दोन तासांवर होती.

"आई, आता बस," उदयसिंह म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात वैताग नव्हता, आणि म्हणून ते ऐकणं तिला जास्त जड गेलं. "पठार केलंस. लई झालं. कुणी काय म्हणणार न्हाय."

"कुणी म्हणावं म्हणून आलोय व्हय मी?"

ती टेम्पोच्या फळीला टेकली. आत सतरंजी अंथरलेली होती, कोरडी. गणपतरावांनी ती स्वतः अंथरली असणार. घरात त्यांनी कधी सतरंजी उचललेलीसुद्धा नव्हती. तिने ती बघितली. तिघांनाही वाटलं, बसली आता. मग तिने खाली वाकून प्रियदर्शनीची पट्टी सोडली, दातांत एक टोक धरून पुन्हा घट्ट बांधली, आणि उभी राहिली.

"उजेड हाय तवर पोचतो."

गणपतराव टेम्पोतून उतरले. "थांब. मी बी येतो."

ते तिच्याबरोबर चपला घालून, छत्री धरून शंभरेक पावलं चालले. चिखलात एक चप्पल रुतली, ती काढताना दुसरी रुतली. बनाक्का दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबावं लागलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं.

"आवो, तुम्ही बसा जावा टेम्पोत. मला उशीर व्हायला लागलाय."

गणपतराव छत्रीखाली उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी बसमागे धावणारी माणसं आरशात पाहिली होती. रस्त्यावर मागे राहून समोरची पाठ लहान होताना पाहायची त्यांना सवय नव्हती.

शाळेत ती पोचली तेव्हा बाकीचे पाय धुऊन बसले होते. टाळ्या वाजवायला कुणी सुरुवात केली, तशी तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात खाली घेतले. तिला भात-आमटी मिळाली. ती तिने मांडी न घालता, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून खाल्ली. वाढायला ती उठली नाही. एकोणचाळीस पुरुष जेवत होते आणि ती वाढत नव्हती. ही गोष्ट तिथे कुणाच्या लक्षात आली की नाही, कोण जाणे. तिच्या आली.

सकाळी फटफटलं तेव्हा गुडघा वाकत नव्हता. तिने तो तेल लावून, चोळून, शिव्या देऊन वाकवला. उदयसिंह जागा होता. सतरंजीवर पडल्या पडल्या तो बघत होता. त्याने टेम्पोचं नाव काढलं नाही.

"सात वाजता निघायचंय आई," एवढंच म्हणाला.

"तुम्ही निघा सातला. मी हळू चालतो, आत्ताच निघतो."

"एकटी? वाट चुकशील."

"वाटेला माणसं असत्यात की. इचारीन."

तिने बूट चढवले, खोळ डोक्यावर घेतली आणि शाळेच्या आवारातून बाहेर पडली. पाऊस थांबला होता. पहिली अर्धी घटका तिला प्रत्येक पाऊल मोजून टाकावं लागलं, मग पाय आपले आपण पडू लागले. ओढा ओलांडून वाट भातखाचरांत शिरत होती आणि तिथे तिला दोन फाटे फुटले होते. खाचरात एक बाई तरवा उपटत होती. बनाक्का बांधावर थांबली.

"पावनखिंडीला कुठली वाट, बाई?"

बाईने कंबर सरळ करून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खोळ, साडी, गुलाबी पट्ट्यांचे बूट.

"ही डावीकडची. दरसाल लई माणसं जात्यात हितनं. तुमच्याबरुबरचं समदं कुठं हायत?"

बनाक्का डावीकडच्या वाटेला लागली.

"मागनं येत्यात," ती म्हणाली.